खडे धरून ठेवणारं काम

बारीक हिऱ्यांची फुलाच्या घाटाची अंगठी घेताना आपण सोन्याचा भाव विचारतो, हिऱ्यांची प्रत विचारतो. जडाई कशी झाली आहे, हे सहसा विचारत नाही. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र खड्याची प्रत सांगतं. या दोहोंना एकत्र धरणाऱ्या कामाची हमी मात्र कोणताच कागद देत नाही. माझ्या मते अशी अंगठी आधी जडाईवर पारखायला हवी. ब्रिटनच्या राजकुमारी डायनाची १९८१ सालची साखरपुड्याची अंगठी प्रसिद्ध आहे ती मधल्या नीलमामुळे. पण तिचा घाट उभा आहे भोवतीच्या १४ हिऱ्यांवर. त्यांतला एक जरी निसटला, तरी नजर आधी त्या रिकाम्या घराकडेच जाईल.

साधारण १.३ मिलिमीटरचा गोल हिरा भरतो एक सेंट, म्हणजे अवघा दोन मिलिग्रॅम. तो बसवताना अंगठी लाखेत पक्की रोवतात आणि खडा धरणाऱ्या सोन्याच्या प्रत्येक नखाला आतून बारीक खाच पाडतात. खड्याची कड या खाचेत टेकते. खाच उथळ राहिली तर खडा हलतो, खोल गेली तर नख कमरेत मोडतं. सगळ्या खाचा एका उंचीवर हव्यात, नाहीतर एक खडा वर, एक खाली दिसतो. खरी कसोटी पुढे आहे. खड्यांच्या झुपक्यात बऱ्याचदा एकच नख शेजारच्या दोन खड्यांना धरतं. एकावर दाब जास्त पडला की दुसरा सैल होतो. म्हणून जडकाम करणारा नखं एका दमात मिटत नाही, समोरासमोरची थोडी थोडी दाबत जातो. शेवटी टोकं गोल करतो. वरून कापूस फिरवल्यावर तंतू अडकला, तर काम अपुरं.

नखं झिजतात, कपड्यांत अडकतात, त्यापेक्षा खड्याभोवती सोन्याची अखंड कड बरी, असं कुणी म्हणेल. रोज राबणाऱ्या हातासाठी ते मला मान्य आहे. पण बारीक खड्यांत ती कड बरीच जागा खाते आणि अंगठीत खड्यांपेक्षा सोनंच जास्त दिसू लागतं. आपल्याकडच्या कुंदनकामात मागची बाजू बंद असते, तिथे खड्यामागचा वर्ख चमक देतो. पैलूदार हिऱ्याची चमक मात्र त्याच्या मागच्या पैलूंवरून परतणाऱ्या उजेडाची असते. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो आणि ही चमक मंदावते. नखांच्या, मागून उघड्या घरात तो काढायला ब्रश पोचतो. मेणाच्या साच्यातच खडे बसवून वर सोनं ओतण्याची पद्धत स्वस्त आहे, पण ओतकामाची उष्णता सगळ्याच खड्यांना सोसत नाही. पाचूला तर नाहीच. नखाची झीज निदान भिंगातून दिसते आणि वेळीच सोनं चढवून दुरुस्त करता येते.

म्हणून विकत घेताना भिंग मागा. प्रत्येक नख खड्यावर टेकलं आहे ना, ते पाहा. अंगठी कानाशी धरून बोटाने हलके टिचकवा. खडखड ऐकू आली तर घेऊ नका. आणि वर्षातून एकदा ती जडकाम करणाऱ्याला दाखवा.