घरोघरचे संशोधन

संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतलेच काम, असे आपल्याला वाटते. पण नागपूरच्या लकडगंजकडे पाहा. लाकडाच्या बाजाराची ही वस्ती. उन्हाळ्यात कूलर चालतात. पावसाळा लागला की बंद होतात, पण टाकीतले पाणी कुणी काढत नाही. अशाच साचल्या पाण्यात डेंग्यूच्या एडिस डासाची मादी अंडी घालते. 8-10 दिवसांत डास तयार!

तेव्हा गुरुजी, आपल्या मुलांना हे काम द्या. ओळीने 100 घरे घ्या. ओळखीचीच निवडू नका. घरच्यांना विचारून कूलर, रांजण, जुने टायर पाहा. अळ्या वळवळताना दिसल्या की वहीत नोंद. 12 घरांत सापडल्या, तर शेकडा प्रमाण 12 झाले. मग भांडी रिकामी करून घासा. नुसते ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडीही महिनोन् महिने टिकतात. आठवड्याने पुन्हा मोजा. आकडा उतरला नाही, तर कुठले भांडे सुटले ते शोधा.

मात्र कुणाच्या घरी अळ्या निघाल्या, ते गावभर करू नका. पुढच्या खेपेस दार उघडणार नाही बरे!

1969 साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. तिथले विद्यार्थी खेड्यात राहून, कुटुंबे दत्तक घेऊन आरोग्य शिकतात. आपल्या शाळेला एक वही पुरे. शेतात असोत की शहरात, रोगाचे मूळ आधी मोजावे, मग उपटावे.