पाटीवरचे 'दोन बळी' कोण?

आज एका हायवेवरच्या पाटीची गोष्ट. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात 1935 पासून रस्त्याकडेला इतिहासाच्या पाट्या लावायची सरकारी योजना आहे. पाटी चालत्या गाडीतून वाचता यायला हवी, म्हणून मजकूर मोजक्या ओळींत संपवतात. मी कामावर ॲपच्या नोटिफिकेशनचे मजकूर छाटत असतो. त्यामुळे छाटताना काय गळतं, तिकडे माझं आधी लक्ष जातं.

गॅस्टन काउंटी म्हणजे सूतगिरण्यांचा मुलूख. तिथल्या गॅस्टोनिया शहरात लोरे मिलची पाटी आहे. तिचा आशय एवढाच: 1929 च्या संपाने दोन बळी घेतले आणि राज्यभर युनियनविरोध वाढला.

आता गळालेलं बघू. संप का झाला? 'स्ट्रेच-आउट'मुळे. म्हणजे माणसं कमी करायची, उरलेल्यांवर जास्त यंत्रं लादायची आणि पगार मात्र वाढवायचा नाही, उलट कापायचा. 1 एप्रिलला कामगार बाहेर पडले. मागण्या होत्या आठवड्याला 20 डॉलर पगार, 40 तासांचं काम आणि युनियनला मान्यता. आपल्याला हे अनोळखी नाही. 1928 मध्ये मुंबईच्या गिरणगावातही एकेका विणकरावर जास्त माग लादायला लागले, म्हणून सहा महिने संप चालला होता.

आणि ते दोन बळी? पहिले पोलीसप्रमुख ऑरव्हिल ॲडरहोल्ट. 7 जूनच्या रात्री संपकऱ्यांच्या तंबूंपाशी झालेल्या गोळीबारात त्यांना गोळी लागली. दुसरी एला मे विगिन्स, वय 28. शेजारच्या बेसेमर सिटीतल्या गिरणीत ती राबायची, आठवड्याला जेमतेम 9 डॉलर मिळायचे. नऊ मुलांपैकी चार दगावली होती. ती संपाची गाणी रचून सभांमध्ये गायची. 14 सप्टेंबरला ती ट्रकमधून सभेला निघाली होती. जमावाने ट्रक अडवला आणि तिला गोळी घातली, तीही दिवसाढवळ्या.

पुढे ॲडरहोल्ट यांच्या खुनासाठी युनियनच्या सात जणांना शिक्षा झाली. एला मेच्या खटल्यात सगळे आरोपी सुटले. पाटीवर मात्र दोघं एकाच आकड्यात बसलेत, 'दोन'. खटकतं ते हेच.

वाक्याचा कर्ता बघा ना. बळी घेतले कोणी? संपाने! बंदूक धरणारा हात वाक्यातून गायब. पाटी खोटं बोलत नाही, फक्त कर्ता बदलते. जागा कमी होती हे मान्य, पण नाव लिहायला किती जागा लागते?

म्हणून पुढच्या वेळी अशी पाटी दिसली, मग ती कुठलीही असो, तर फोटो काढाच, पण तीन प्रश्नही विचारा. नाव कोणाचं आहे? नुसता आकडा कोणाच्या वाट्याला आलाय? आणि क्रियापदामागे कोण लपलंय?

भेटू पुढच्या भागात!