नोंदणीचा ईमेल आणि कामाचा ईमेल

ऑनलाइन अर्जातला ईमेलचा रकाना बहुधा तारांकित असतो. तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा अर्ज, साड्यांची खरेदी, मॉलमधले फुकटचे वायफाय, सगळीकडे बहुतेक जण पाठ असलेला एकच पत्ता टाकून मोकळे होतात. हा पत्ता नुसता निरोपापुरता नसतो. बहुतेक ऑनलाइन खात्यांचा पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड ठेवण्याची लिंक त्याच पत्त्यावर येते. म्हणजे ज्या इनबॉक्समध्ये चपलांच्या सेलच्या जाहिराती साचतात, त्याच इनबॉक्समध्ये बँकेची किल्लीही येऊन पडते. खरी अडचण इथे आहे. जाहिरातींचा वैताग त्यामानाने किरकोळ.

नको असलेल्या मेलची गोष्ट ईमेलइतकीच जुनी म्हणावी लागेल. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर मेल पाठवली आणि पत्त्यात '@' हे चिन्ह आणले. सातच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. तक्रारी झाल्या, पण विक्रीही झाली, आणि हा धंदा का थांबत नाही याचे उत्तर त्यातच आहे. हजार पत्रांना टपालखर्च येतो. हजार मेलना जवळजवळ काहीच येत नाही.

पत्ता बाहेर जातो तो अनेक वाटांनी. काही कंपन्या 'आमच्या सहयोगींना माहिती देण्यास संमती' या ओळीच्या आधाराने तो पुढे देतात, आणि ती ओळ कोणी वाचत नाही. संकेतस्थळांवर उघड लिहिलेले पत्ते गोळा करत फिरणारे प्रोग्राम असतात; सरकारी संकेतस्थळांवर '@' ऐवजी कंसात 'ऍट' आणि टिंबाऐवजी 'डॉट' लिहिलेले दिसते ते यांना चकवण्यासाठी. सर्वांत मोठी वाट मात्र डेटाचोरीची. कंपनी कितीही सज्जन असली, तरी तिची ग्राहकयादी फुटली की पत्ता बाजारात जातो. आपला पत्ता अशा एखाद्या चोरीत सापडला आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर तपासता येते. गेलेला पत्ता परत आणता येत नाही. म्हणून विचार करायचा तो देण्याच्या आधी.

साधा उपाय म्हणजे पत्त्यांची वाटणी. पहिला पत्ता पैसा आणि ओळख यांच्यासाठी: बँक, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, डिजिलॉकर, विमा. तो व्हिजिटिंग कार्डावर छापू नये आणि दुकानात सांगू नये. दुसरा माणसांसाठी, म्हणजे नातेवाईक, ऑफिस आणि शाळा यांच्यासाठी. तिसरा खरेदी, कूपन, ॲप, वेबिनार अशा चिल्लर नोंदण्यांसाठी. तीन पुरतात. पाच-सहा खाती उघडणारे उत्साही लोक वर्षभरात त्यांतल्या दोनांचे पासवर्ड विसरतात आणि वीजबिल नेमके कुठल्या खात्यावर येते ते शोधत बसतात. तीन खात्यांसाठी तीन वेळा लॉगिन करण्याचीही गरज नाही; फोनमधल्या एकाच मेल ॲपमध्ये तिन्ही बसतात. तिसऱ्याचे नोटिफिकेशन तेवढे बंद ठेवावे.

नवे खाते न उघडता पत्ता वेगळा करण्याची एक सोय जीमेल आणि आउटलुकमध्ये आहे. ती फारशी कोणाला माहीत नसते. पत्ता 'स्नेहल@जीमेल.कॉम' असा आहे असे समजू. चष्म्याच्या दुकानात 'स्नेहल+चष्मा@जीमेल.कॉम' असा दिला (अर्थात रोमन अक्षरांत), तरी मेल त्याच इनबॉक्समध्ये येते, कारण अधिक चिन्हापुढचा मजकूर पोहोचवताना धरला जात नाही. तो पत्त्याच्या ओळीत मात्र दिसत राहतो. सहा महिन्यांनी 'चष्मा' लिहिलेल्या पत्त्यावर एखाद्या गृहकर्जवाल्याची मेल आली, की यादी कुठून फुटली किंवा विकली गेली हे लगेच कळते. मग फिल्टर लावून त्या पत्त्यावरचे सगळे थेट कचऱ्यात टाकता येते. मर्यादा दोन. अनेक अर्ज, त्यांत आपल्याकडचे पुष्कळ, पत्त्यातले अधिक चिन्ह चूक म्हणून नाकारतात. शिवाय अधिक चिन्हापासूनचा भाग गाळून मूळ पत्ता काढणे स्पॅमवाल्यांना अवघड नसते.

जीमेल पत्त्यातली टिंबेही धरत नाही. पाटील, जाधव, कुलकर्णी अशा आडनावांच्या लोकांना अनोळखी माणसाचे विमापत्र किंवा विमानाचे तिकीट अधूनमधून येते. तेव्हा 'माझा पत्ता टिंबाशिवाय, त्याचा टिंबासह, म्हणून गोंधळ झाला' असे समजले जाते. टिंबाने वेगळा होणारा दुसरा जीमेल पत्ता असूच शकत नाही. त्या माणसाने अर्ज भरताना स्वतःच्या पत्त्यातला आकडा गाळलेला असतो, एवढेच.

याहून पक्का पडदा मुखवटा-पत्त्यांचा. ॲपलची 'हाइड माय ईमेल', मोझिलाची 'फायरफॉक्स रिले' आणि डकडकगोची मेल-सेवा प्रत्येक नोंदणीसाठी अगम्य अक्षरांचा नवा पत्ता बनवून देतात आणि त्यावर आलेली मेल खऱ्या पत्त्यावर धाडतात. त्रास सुरू झाला की तो एक मुखवटा बंद करायचा. खरा पत्ता दुकानदाराला कळलेलाच नसतो.

मेलिनेटरसारखे वापरून फेकण्याचे पत्ते वेगळे. तिथला इनबॉक्स सार्वजनिक असतो. पत्त्याचे नाव माहीत असलेला कोणीही तो उघडू शकतो. एखादी पीडीएफ उतरवून घेण्यापुरते ठीक. जिथे पैसे भरले किंवा पुन्हा लॉगिन करायचे आहे, तिथे कधीही नको.

गावोगावच्या सायबर कॅफेत आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांत दुसऱ्यालाही उघडता येणारा इनबॉक्स देण्याच्या याच चुकीचा देशी अवतार दिसतो. विद्यार्थ्याकडे ईमेल नसतो किंवा आठवत नाही, म्हणून केंद्रचालक स्वतःचाच पत्ता टाकतो. अर्ज भरला जातो, पावती छापून मिळते. मग प्रवेशपत्राची सूचना किंवा पासवर्ड बदलण्याची लिंक येते ती केंद्रचालकाच्या इनबॉक्समध्ये, शेकडो अर्जांच्या गर्दीत. केंद्रात जाण्याआधी विद्यार्थ्याच्या नावाचे खाते उघडून पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. वहीत पासवर्ड लिहू नये हा नियम इथे खुशाल मोडावा.

येऊ लागलेल्या स्पॅमचे काय, तर पाठवणारा ओळखीचा असेल तर 'अनसबस्क्राइब' दाबावे. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना प्रचारकी मेलमध्ये एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी, असा नियम गूगलने २०२४ साली आणला. अनोळखी मेलमधली तीच लिंक मात्र दाबू नये, कारण त्यामुळे पत्ता चालू असल्याची पावतीच मिळते. तिथे 'स्पॅम' हे बटण. त्यालाही वजन आहे: तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यावर, म्हणजे हजारी तीनवर, गेले की पाठवणाऱ्याच्या मेल अडू लागतात. कंटाळून बँकेच्या मेलवर ते दाबू नये. पुढचे ओटीपीही स्पॅममध्ये जाऊन पडतील. नाव कमी करण्याबाबत भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे अशी तरतूद आहे.

वर्षानुवर्षे एकच पत्ता वापरलेल्यांनी नवा कोरा पत्ता पैशांसाठी घ्यावा आणि जुना चिल्लर कामांसाठी सोडावा. जाहिरातवाल्यांना तो माहीत आहेच. आधी बँक, मग प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधी या क्रमाने पत्ता बदलत जावा. जुने खाते लगेच मिटवू नये, कारण विसरलेली एखादी पॉलिसी वर्षाने तिथेच दार ठोठावते. गूगल दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते पुसू शकते, म्हणून ते मधूनमधून उघडावे. आणि प्रत्येक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते पाहावे. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि मग खाते सोडवण्याचा ओटीपी त्याच्या फोनवर वाजतो.