पतनोंदीतील न्यायनिर्णय
ऋणवसुलीसाठी न्यायालयाने दिलेला निर्णय ऋणकोच्या पतविषयक अभिलेखात दाखल होणे व ऋण फिटल्यावर ती नोंद काढून टाकणे किंवा दुरुस्त करणे, यासंबंधीची व्यवस्था. इंग्लंड व वेल्समध्ये तिला विशेष महत्त्व आहे. तेथे काउंटी न्यायालयांचे निर्णय नोंदण्याची प्रथा १८५२ पासून आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेली रजिस्ट्री ट्रस्ट ही ना-नफा संस्था ही नोंदवही सांभाळते. सध्याची व्यवस्था २००३ चा न्यायालय अधिनियम व २००५ चे विनियम यांवर आधारलेली आहे. शुल्क भरून कोणासही नोंदवही पाहता येते. पतमाहिती संस्था तीतील नोंदी उचलतात आणि त्यांच्या आधारे धनको गृहकर्ज नाकारतात. घरमालकही भाडेकरू निवडताना त्या पाहतात.

ऋण फेडले म्हणजे नोंद पुसली गेली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत संपूर्ण रक्कम भरल्यासच नोंद रद्द होते. त्यानंतर भरल्यास ‘पूर्तता झाली’ एवढा शेरा पडतो व नोंद निर्णयाच्या तारखेपासून सहा वर्षे कायम राहते. मुदत चुकवून दुसऱ्याच दिवशी पैसे भरणारा व पाचव्या वर्षी भरणारा यांत नियम फरक करीत नाही. रक्कम मिळाल्याचे न्यायालयास कळविणे हे धनकोचे काम असले, तरी ते पुष्कळदा राहून जाते. म्हणून ऋणकोने पावती जपून ठेवून न्यायालयाकडून पूर्ततेचे प्रमाणपत्र घेणे इष्ट. पुरावा नसल्यास न्यायालय धनकोस विचारणा करते आणि त्याने महिनाभरात उत्तर न दिल्यास ऋण फिटल्याचे धरले जाते.

सहा वर्षांपूर्वी नोंद नाहीशी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे निर्णयच रद्द करून घेणे. बरेचसे निर्णय एकतर्फी असतात : पत्ता बदललेल्या ऋणकोस दाव्याची कागदपत्रे पोहोचतच नाहीत आणि निर्णयाची वार्ता त्याला कर्ज नाकारले जाते तेव्हा लागते. दिवाणी प्रक्रिया नियमांच्या तेराव्या भागानुसार, निर्णयापूर्वीच सर्व रक्कम फेडलेली असल्यास एकतर्फी निर्णय रद्द करणे न्यायालयावर बंधनकारक असते. यशाची खरी शक्यता असलेला बचाव किंवा अन्य सबळ कारण दाखविल्यास तो स्वेच्छाधिकारात रद्द करता येतो. अर्ज तत्परतेने केला होता की नाही, हेही पाहिले जाते. केवळ उशिरा पैसे भरले, हे कारण पुरत नाही. धनकोची संमती उपयोगी पडते, परंतु ती न्यायालयास बांधून ठेवीत नाही. योग्य नोंद पैसे घेऊन पुसून देऊ, असे सांगणाऱ्या मध्यस्थांच्या हाती यापलीकडे कोणताही उपाय नसतो. नोंद टिकून राहिल्यास १९७४ च्या ग्राहक पत अधिनियमान्वये, ती दिशाभूल करणारी ठरत असल्यास, ऋणकोस दोनशे शब्दांपर्यंतचे स्पष्टीकरण अभिलेखास जोडता येते.

सहा वर्षांनंतर नोंद आपोआप गळते. मात्र न फेडलेले ऋण त्यामुळे संपत नाही. काही प्रकारच्या बजावणीसाठी धनकोस न्यायालयाची परवानगी तेवढी घ्यावी लागते.

भारतातही हुकूमनाम्याची रक्कम न्यायालयाबाहेर फेडल्यास १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या आदेशातील दुसऱ्या नियमाप्रमाणे ती न्यायालयात प्रमाणित करून घ्यावी लागते. अन्यथा बजावणी करणारे न्यायालय ती विचारात घेत नाही.