किती किलोवॅट?

सकाळी ७

डिसेंबरात नगरला सातला नुकतं उजाडलेलं असतं. चहा होईस्तोवर मी दिवसभरात ज्यांच्या गच्चीवर जायचंय त्यांची लाइट बिलं उघडून बसतो. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर ताजं बिल पाठवतात, आणि या दिवसांतलं ताजं बिल म्हणजे पंखे बंद, कूलर माळ्यावर. त्यावरून सोलर ठरवलं तर एप्रिल-मेमध्ये कमी पडणार हे ठरलेलं. म्हणून महावितरणचा ग्राहक क्रमांक मागून घेतो आणि मागच्या बारा महिन्यांचा वापर वहीत उतरवतो. तोही युनिटमध्ये. रुपयांचा आकडा बघत नाही, कारण दर बदलतात, थकबाकी मिसळलेली असते.

सावेडीच्या घराची बेरीज आली २,८८० युनिट. नोव्हेंबरात पावणेदोनशे, मे महिन्यात साडेतीनशेच्या वर. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. जुलै-ऑगस्टचे ढग, धूळ आणि पॅनल तापल्यामुळे होणारी घट धरून मी वर्षाला १,४०० धरतो. म्हणजे या घराला दोन किलोवॅट आणि वर थोडंसं. पण हे बिलापुरतं झालं. घरात गेल्याशिवाय आकडा पक्का करत नाही.

९.१५, सावेडी

सर आणि मॅडम, दोघेही निवृत्त शिक्षक. सरांनी आधीच ठरवलेलं होतं. "तीन किलोवॅट करा. तीनला अठ्ठ्याहत्तर हजार मिळतात, मग कमी कशाला?"

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून तीन हा आकडा लोकांच्या मनात बसलाय. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला सरकारचा हातभार कमी आणि आपला खिसा जास्त. शिवाय तो तिसरा किलोवॅट वाचवतो काय, हेही बघायला हवं. घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर जवळपास दुप्पट. सोलरची वीज वापरातून वजा होते तेव्हा आधी वरची महाग युनिटं कमी होतात. पहिला किलोवॅट सर्वांत जास्त पैसे वाचवतो, शेवटचा सर्वांत कमी. वापर संपल्यावर जे उरतं ते नेट मीटरवर महिन्यामागून महिना पुढे जातं आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, त्याचा हिशोब होतो. तेव्हा मिळणारा दर आपण वीज घेतो त्याच्या तुलनेत फारच थोडा. स्थिर आकार तर शून्य युनिटलाही भरावाच लागतो. सरांना हे वहीत मांडून दाखवलं. तीन किलोवॅटसाठी सहा पॅनल बसवले तर वर्षाला दीड हजारांहून अधिक युनिटं अशी स्वस्तात जातील.

मग मी विचारलं, "पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात नवीन काय येणार आहे?"

सर म्हणाले, काही नाही. आतून मॅडम म्हणाल्या, "काही नाही कसं? एसी घ्यायचाय यंदा. ह्यांना सांगून दमले मी. आणि नातू बॅटरीवरची गाडी घेतोय."

दीड टनाचा एसी उन्हाळ्याचे तीन महिने रात्री सहा तास चालला तर पाच-सहाशे युनिटं. रोजच्या वापरातली स्कूटर वर्षाला साडेतीनशेच्या आसपास. बेरीज गेली पावणेचार हजारांवर. ५४० वॅटचे पाच पॅनल म्हणजे २.७ किलोवॅट, ३,७८० युनिटं. बरोबर बसलं. बिल मागचं वर्ष सांगतं, पुढचं वर्ष घरातली माणसंच सांगू शकतात.

९.४५, त्याच घराची गच्ची

साडेनऊ-पावणेदहाला गच्चीवर पोचायचं मी मुद्दाम जमवतो. दक्षिणेच्या कठड्यालगत पाण्याची टाकी, चौथऱ्यासकट पाच फूट उंच. तिची सावली वायव्येकडे पसरलेली. खडूने कड आखली, टेप लावला. जवळपास आठ फूट. हीच सावली आपल्या माध्यान्हीला, म्हणजे साडेबाराच्या सुमारास, साडेचार फुटांवर येते, कारण डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपेक्षा वर चढत नाही. मे महिन्यात सूर्य नगरच्या डोक्यावरून जातो आणि टाकीची सावली दुपारी तिच्याच पायाशी गोळा होते. म्हणून डिसेंबरातल्या पाहणीवर माझा जास्त भरवसा आहे. या महिन्यात जिथे दिवसभर ऊन आहे, तिथे उरलेल्या अकरा महिन्यांत टाकी आड येत नाही.

सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एकाचा प्रवाह अडला की सगळ्या माळेला त्याची झळ लागते. पॅनल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद. पाच पॅनल टाकीच्या उत्तरेला दहा फूट सोडून बसत होते, तोंड दक्षिणेला, कल अठरा-एकोणीस अंश. मॅडमना कुरडया-पापड वाळवायला जागा हवी होती. स्ट्रक्चर आठ फूट उंच केलं की खाली वावरता येतं, पण खर्च वाढतो आणि वळवाचं वारं सोसायला खांब बीम-कॉलमवरच धरावे लागतात. नुसत्या स्लॅबमध्ये बोल्ट मारून उंच स्ट्रक्चर उभं करायला मी तयार होत नाही. शेवटी पूर्वेची बाजू पापडांना मोकळी सोडली.

१२.३०, केडगाव

रो-हाउस. वापर मोठा, गरज तीन किलोवॅटची, पण पश्चिमेला शेजारची तीन मजली इमारत. दोननंतर गच्चीवर ऊन नाही, बारा महिने. इथे १,४०० चा आकडा लावणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. पूर्वेच्या कडेला चार पॅनल बरे चालतील, पुढचे दोन जेमतेम. घरमालक दादांना ते आवडलं नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याने त्यांना पाच किलोवॅटचं सांगितलंय. मी म्हटलं, उद्या तीन वाजता गच्चीवर उभे राहा आणि सावलीचा फोटो काढून त्यांना पाठवा, मग किती युनिटं मिळतील ते लिहून मागा.

३, राहुरी तालुका

मनमाड रस्त्याला ऊसगाड्यांची रांग. वस्तीवर पोचायला तीन वाजले. घरावर पत्रा, महिन्याचा वापर सत्तर युनिटं. तिथल्या बाबांना घराच्या सोलरवर विहिरीची मोटार चालवायची होती. त्यांना समजावलं की घरचं मीटर वेगळं, शेतीपंपाचं कनेक्शन वेगळं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीपासून सुरू झाली; पंपाने ती वाट धरावी.

"आन् लाइट गेल्यावर हे चालंल ना?" त्यांनी विचारलं.

नाही चालणार. पुरवठा बंद झाला की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी जोडता येते, पण तिचा खर्च वेगळा. सत्तर युनिटं सगळी स्वस्त टप्प्यातली. एक किलोवॅट पुरेसा, तोही वसूल व्हायला वेळ लागणार. घाई करू नका, असंच सांगितलं. धंदा म्हणून पाहिलं तर अख्खी दुपार रिकामी गेली, पण या घराला कर्ज काढायला लावून मला झोप लागली नसती.

शेजारच्या वस्तीवर आधी बसवलेले पॅनल पाहून आलो. गळीत हंगामाची काजळी आणि रस्त्याची धूळ पहाटेच्या दवाने खाली ओघळते आणि खालच्या फ्रेमशी वाळून बसते. अंगठ्याने खरवडली तर पापुद्रा निघाला, बोटभर रुंद पट्टा, तळाच्या सेलच्या पूर्ण ओळीवर. वरून पॅनल स्वच्छ दिसत होते. घरातल्या ताईंना म्हटलं, ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने धुवा, आणि खालची कड आधी.

७.३०

सावेडीचं कोटेशन लिहायला घेतलं. पाच पॅनल, अनुदानासाठी लागतात म्हणून देशी सेलचे, डीसीआर. तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर, अर्थिंग, वीजरोधक, केबल. शेवटी एक ओळ मी नेहमी जादा घालतो: वर्षाला अपेक्षित ३,७०० ते ३,८०० युनिटं. हा आकडा कागदावर असला की सरांना दर महिन्याला मीटरशी ताडून बघता येईल.

पाठवल्यावर पाच मिनिटांत सरांचा फोन. "सहावा पॅनल पुढे जोडता येईल का?" येईल, इन्व्हर्टर त्या हिशोबानेच धरलाय आणि स्ट्रक्चरवर एका पॅनलची जागा सोडतोय. मात्र तो घ्यायचा की नाही हे दोन उन्हाळ्यांची बिलं हातात आल्यावर ठरवू, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पोर्टलवर उद्या अर्ज भरून टाका.