पिकअप नाही, फटाके मात्र भरपूर!

कार्बुरेटरवाल्या जुन्या पेट्रोल गाड्या सातारा-सांगली भागात अजून दिसतात, आणि त्यांची एक तक्रार ठरलेली असते: "ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचलत नाही, वर सायलेन्सरमधून फाट-फाट आवाज." साताऱ्याच्या माझ्या काकांच्या गाडीचं हेच झालं. आमच्याकडे सांगलीला येताना सपाट रस्त्यावर ती निमूट यायची, पण यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरवरही दम टाकायची. पुढे वळण, मागे एसटी आणि गाडी ओढत नाही, म्हणजे धोकाच. एका गॅरेजवाल्याने सांगून टाकलं, "इंजिन उतरवावं लागेल." तो खर्च ऐकून काका गाडी भंगारात काढायला निघाले.

मित्रहो, आधी आवाज कुठून येतो ते ऐका. कार्बुरेटरकडून खोकल्यासारखा येत असेल तर मिश्रणात बहुधा पेट्रोल कमी पडतंय. इथे आपल्या उसाचाही थोडा हात आहे! १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुना जेट अपुरा पडू शकतो.

आवाज सायलेन्सरमधूनच असेल तर जळायचं राहिलेलं मिश्रण तिथे पेटतंय. फक्त पाय काढल्यावर वाजत असेल आणि पिकअप ठीक असेल, तर सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरते का बघा. पण चढावर, जोर लावताना वाजत असेल तर ठिणगी एक तर चुकतेय किंवा उशिरा पडतेय.

चुकतेय का हे प्लग सांगतात. काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, ओला म्हणजे तो सिलिंडर पेटतच नाही. काकांचे तिन्ही प्लग सारखेच तपकिरी निघाले. कॉम्प्रेशनही तिन्हीत जवळपास सारखं. म्हणजे इंजिन उतरवायची घाई नको.

मग टायमिंग लाइट लावला. ठिणगी जवळजवळ २० अंश उशिरा! पुस्तकात याला इग्निशन रिटार्ड म्हणतात, गॅरेजमध्ये "टायमिंग मागे आहे". पिस्टन खाली निघाल्यावर मिश्रण पेटतं, जोर वाया जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत अजून जाळ असतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण जागेवर आणली. फटाके बरेच कमी झाले, पण पिकअप काही येईना. बरेच जण इथेच थांबतात.

आम्ही इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडला. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला १७ ते २१ इंच दाखवतं. सातारा अंदाजे अडीच हजार फुटांवर, दर हजार फुटांना साधारण १ इंच कमी, म्हणजे किमान १५ तरी हवेत. काटा १२ वर स्थिर! तो थरथरला असता तर व्हॉल्व्हचा संशय, रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरला असता तर सायलेन्सर चोंदलेला. स्थिर पण कमी म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडत असण्याचा संशय.

टायमिंग बेल्टचं कव्हर काढलं. बेल्ट एक दात सरकलेला. कॅमच्या चाकाला ३६ दात धरले तर एक दात म्हणजे १० अंश, आणि क्रँक दुप्पट फिरतो म्हणून क्रँकवर २०. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरूनच फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही एकदम मागे पडले होते.

बेल्ट आणि टेन्शनर नवे टाकले. त्यानंतर डिस्ट्रिब्युटर परत मागे फिरवायलाच लागतो, नाहीतर ठिणगी २० अंश लवकर पडून इंजिन नॉकिंग करतं. खूण जुळल्यावर गेजने १७ दाखवले आणि त्याच संध्याकाळी काका यवतेश्वरला जाऊन आले.