दुखण्यावरची सुई

महाडजवळ सव येथें सावित्रीच्या कांठीं ऊन पाण्याचे झरे आहेत. सांधे धरलेलीं माणसें तेथें स्नानास जातात. परंतु लवकर उतार पडावा म्हणून आज पुष्कळांचा भरंवसा सुईवर, बहुधा डायक्लोफेनॅकच्या, असतो. औषध तोंडावाटें गेलें नाहीं, तेव्हां पोटास बाधा नाहीं, ही समजूत मात्र खोटी आहे. वेदना व सूज वाढविणारीं द्रव्यें हें औषध थोपवितें. पण त्यांच्याच कुळांतलीं द्रव्यें जठराचें अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. औषध रक्तांत मिसळलें कीं तींही उणीं पडतात, मग तें कोठूनही शिरलेलें असो. हें औषध दिलेल्या गुरांचीं प्रेतें खाऊन गिधाडें मूत्रपिंड निकामी होऊन मेलीं. म्हणून २००६ सालीं गुरांपुरती त्यावर बंदी आली.

जठरव्रण, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार, गर्भारपण, ॲस्पिरिननें उठणारा दमा, यांपैकीं कांहीं असल्यास डॉक्टरांना आधींच सांगावें. एक सुई ७५ मिलिग्रॅमची. दिवसाची सीमा १५०, आणि तीही दोनच दिवस. तिच्यावर त्याच जातीची गोळी घेणें म्हणजे मात्रा वाढविणेंच होय. शौचास काळें झालें किंवा लघवी कमी झाली, तर दुसरी सुई न घेतां त्वरित इस्पितळ गांठावें.